चार ओळींचा स्क्रीन आणि लाल डबा

"मॅडम, ह्याला कॅमेरा आहे का?"

"नाही."

"इंटरनेट?"

"नाही."

"सिम कार्ड?"

"पवार, ह्याला काहीच नाही. ह्याच्यावर फक्त टाइप करता येतं."

गेटवरच्या पवारांनी ती वस्तू उलटी करून पाहिली. कानाजवळ नेऊन हलवली. एक जाडसर कीबोर्ड, आणि त्याच्या माथ्यावर पट्टीएवढा राखाडी स्क्रीन. जुन्या कॅल्क्युलेटरला असतो तसा. त्यात एका वेळी फक्त चार ओळी दिसतात.

"म्हणजे टाइपरायटर."

"साधारण तसंच."

"लिस्टमध्ये टाइपरायटर नाही, मॅडम."

चाकणमधल्या आमच्या कंपनीत गेटमधून काय आत न्यायचं याची लिस्ट आहे. लॅपटॉपला स्टिकर लागतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लागतो, पेन ड्राइव्हला बंदी आहे. ज्या वस्तूला कॅमेरा नाही, इंटरनेट नाही, ती अडवायची कशी आणि सोडायची कशी, हे पवारांना कळेना. मागे सकाळच्या शिफ्टची रांग वाढत होती. शेवटी त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, "मोठा कॅल्क्युलेटर, १ नग." मी सही केली आणि आत गेले.

तो मंगळवार होता. बुधवारी दुपारी तीन वाजता मला एक रिपोर्ट द्यायचा होता, आणि सोमवारच्या अख्ख्या दिवसात माझी त्यातली दीड ओळ लिहून झाली होती.

मी या कंपनीत क्वालिटी बघते. बावीस वर्षं झाली. आम्ही गाड्यांच्या सीटखाली लागणारे लोखंडी ब्रॅकेट बनवतो. ब्रॅकेट म्हणजे तळहाताएवढा वाकवलेला पत्रा. त्याला एक नट वेल्डिंगने चिकटवलेला असतो. पुढे कस्टमरच्या कारखान्यात त्या नटमध्ये बोल्ट बसतो आणि सीट गाडीला पक्की होते. सोमवारी सकाळी कस्टमरचा फोन आला. चार ब्रॅकेटना नटच नव्हता. त्यांच्या माणसाने बोल्ट लावायला घेतला तर समोर नुसतं भोक. लाइन थांबली.

अशी तक्रार आली की आठ पायऱ्यांचा रिपोर्ट द्यावा लागतो. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, असा त्याचा क्रम. या रिपोर्टची आमच्याकडे एक सोपी पद्धत होती आणि ती मीच पाडली होती. मागच्या तक्रारीची फाइल उघडायची. तारीख बदलायची, पार्टचं नाव बदलायचं. कारण, "ऑपरेटर निग्लिजन्स." म्हणजे कामगाराचा हलगर्जीपणा. उपाय, "ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं." एकदा तर मी पार्टचं नाव बदलायलाच विसरले होते आणि दुसऱ्याच ब्रॅकेटबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त केली होती.

या वेळी कस्टमरकडून रमण यांचा फोन होता. ते मूळचे चेन्नईचे, पण चिंचवडला राहून त्यांचं मराठी चांगलं झालंय. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या ऑपरेटरांना इतकं ट्रेनिंग झालंय, की एव्हाना ते प्रोफेसर व्हायला पाहिजेत. बुधवारी मी स्वतः येतो. मला खरं कारण पाहिजे. नाहीतर नवीन सीटचे ब्रॅकेट तुम्हाला द्यायचे की नाही, याचा विचार करावा लागेल."

नवीन सीटच्या कामावर आमची एक पूर्ण लाइन उभी राहायची होती. आमचे प्लांट हेड बेंद्रे सर लगेच माझ्या केबिनमध्ये आले.

"मशीनवर कोण होतं?"

"सोपानकाका."

"मग त्यांना मेमो द्या आणि रिपोर्टला जोडा. मेमो बघितला की कस्टमर शांत होतो. मी एचआरला टाइप करायला सांगतो."

सोपानकाका कुरुळीचे. सत्तावीस वर्षं वेल्डिंगवर. फेब्रुवारीत रिटायर होणार होते. तोवर त्यांना एकही मेमो नव्हता. मी "बघते सर" म्हणाले आणि लिहायला बसले.

बसले म्हणजे काय, लॅपटॉप उघडला. लगेच प्लांटच्या ग्रुपवर मेसेज. मग ब्रेकडाऊनच्या ग्रुपवर. मग मेलची घंटी, स्टोअर्सचा फोन, आणि कुणाच्या तरी वाढदिवसाला सत्तर जणांनी टाकलेलं केकचं चित्र. परत रिपोर्टकडे आले की मागचा विचार निसटलेला. त्यात लॅपटॉपचं ई हे बटण अडकायला लागलं. इंग्रजीत ई शिवाय कुणाची माफीसुद्धा मागता येत नाही.

संध्याकाळी तळेगावात पोचले, ती थेट स्टेशनजवळच्या सलीमभाईंच्या दुकानात. ते कॉम्प्युटर दुरुस्त करतात. लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं गाऱ्हाणं सांगून टाकलं.

"बटण परवा मिळेल, ताई," ते म्हणाले. "पण तुमचा त्रास बटणाचा नाही दिसत." त्यांनी वरच्या फळीवरून ते यंत्र काढलं. "हिंजवडीच्या एका साहेबाने कादंबरी लिहायला हे घेतलं होतं. ती काही झाली नाही. विकायला ठेवून गेलाय. ह्याच्यात मेसेज येत नाही, काहीच येत नाही. सेलवर चालतं. आठ दिवस घेऊन जा, वापरून बघा. नाही जमलं तर परत आणा."

"आणि ह्यातलं कॉम्प्युटरवर कसं घ्यायचं?"

"वायर लावायची आणि हे बटण दाबायचं. कॉम्प्युटरला वाटतं हा आपलाच कीबोर्ड आहे. मग हे स्वतःच एक एक अक्षर टाइप करत जातं. जरा हळू आहे. पण ताई, तुम्हाला तरी कुठे घाई आहे?"

मला बुधवारी तीनची घाई होती. पण मी यंत्र घेतलं.

तर मंगळवारी सकाळी गेटवरचा तो प्रसंग झाला, मी केबिनमध्ये गेले, फोन ड्रॉवरमध्ये ठेवला आणि यंत्र सुरू केलं. कोरा स्क्रीन आणि लुकलुकणारी रेघ. मी इंग्रजीत लिहिलं, चार ब्रॅकेटना नट नाही. कारण, ऑपरेटर निग्लिजन्स.

आणि तिथे थांबले. एरवी याच्यापुढे जुन्या फाइलमधली तीन पानं तयार असायची. इथे खाली काहीच नव्हतं. स्क्रीनवर माझ्याच दोन ओळी आणि दोन रिकाम्या. निग्लिजन्स म्हणजे काकांनी नेमकं केलं काय? डुलकी घेतली? नट लावायला विसरले? एकदा विसरले की चारदा? मला यातलं काहीच माहीत नव्हतं. बावीस वर्षांत हा शब्द मी कितीदा लिहिला असेल, पण त्याच्यापुढे काय असतं हे कधी लिहावंच लागलं नव्हतं.

यंत्र हलकं होतं. मी ते उचललं आणि वेल्ड शॉपमध्ये गेले. काकांच्या मशीनशेजारी एक क्रेट उलटा घातला आणि त्यावर बसले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या यंत्राकडे.

"मॅडम, मेमो हितंच टाइप करताय का?"

म्हणजे बातमी आधीच पोचली होती.

"नाही काका. तुम्ही काय करता ते लिहितेय. तुम्ही तुमचं काम करा."

"लिवा," ते म्हणाले, आणि त्यांनी पाठ फिरवली.

मशीन अगदी साधं आहे. खाली एक तांब्याची टिप, वर एक. काका डाव्या हाताने ब्रॅकेट ठेवायचे, उजव्या हाताने त्यावर नट, मग दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायचे. वरची टिप खाली यायची, करंट जायचा, ठिणग्या उडायच्या, नट चिकटायचा. तयार पीस नटाची बाजू खाली करून हिरव्या क्रेटमध्ये जायचा. मी हे सगळं लिहीत गेले. मग तेच पुन्हा लिहिलं. काका पीस ठेवताना अंगठ्याने नट आहे का हे चाचपतात, तेही लिहिलं. ही गोष्ट कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नाही. असा माणूस चारदा विसरेल?

तासाभरात काहीच घडलं नाही. लॅपटॉप असता तर मी एव्हाना मेल बघत बसले असते. इथे बघण्यासारखे फक्त काकाच होते.

मग ते थांबले. टिपवर काळा थर जमतो, तो त्यांनी कानशीने साफ केला. करंटचा स्विच बंद केला. दोन ब्रॅकेट नट न लावताच मशीनमध्ये ठेवून दाबले, बाहेर काढून उजेडात धरले, आणि टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवून दिले. स्विच चालू केला आणि पुढचं काम सुरू.

"काका, हे दोन कशाला?"

"टिप सरळ बसती का बघाया. करंट बंद असतो. दाब पडून पत्र्यावर वण उठतो, म्हणून मग ते भंगारात."

"त्यांना नट नाही."

"न्हाई. कशाला लावायचा?"

"मग ते लाल डब्यात का नाही टाकले?" लाल डबा म्हणजे खराब मालाचा डबा. त्यात गेलेला पीस परत कधी लाइनवर येत नाही.

काकांनी हात पुसले. "लाल डबा कुठंय, मॅडम?"

मी वळून पाहिलं. डबा मशीनपाशी नव्हता. पिवळ्या पट्ट्यापलीकडे, खांबाला टेकून उभा होता. उठून मोजली तर बारा पावलं.

"दर वेळेला मशीन सोडून तिकडं गेलं तर काम पुरं व्हत न्हाई. म्हणून हितं साठवतो आन् च्याला जाताना नेऊन टाकतो. इसरत न्हाई मी."

"नेहमी तुम्हीच नेता?"

"मीच नेतो की." मग म्हणाले, "त्या गुरवारी तेवढं बीपी तपासाया मधीच बोलावलं व्हतं. शिफ्ट सुटंपत्तुर तिकडंच बसवून ठिवलं."

परत आलेले चार ब्रॅकेट त्याच गुरुवारचे होते.

चहाची बेल झाली. काकांनी ते दोन पीस उचलले. मी म्हणाले, "आज राहू द्या तिथेच." त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी ठेवले. त्यांच्या जागी रिलीव्हर महेश आला. कुणी चहाला किंवा जेवायला गेलं की तेवढा वेळ मशीन सांभाळतो तो रिलीव्हर. महेश नीटनेटका माणूस आहे. आल्या आल्या त्याने टेबलावर फडकं मारलं, कोपऱ्यातले दोन्ही पीस उचलले आणि सवयीने पालथे करून हिरव्या क्रेटमध्ये ठेवले.

"महेश, आत्ता काय ठेवलंस?"

"काकांचे झालेले पीस, मॅडम. टेबलावर राहिले होते."

मी क्रेटमध्ये हात घालून ते दोन्ही बाहेर काढले आणि उलटे करून त्याला दाखवले. त्याचा चेहरा पडला. मी म्हणाले, "अरे, तुला कोण ओरडतंय? तू माझं काम केलंस!" एका वेळच्या सफाईचे दोन पीस. त्या गुरुवारी काकांना बोलावणं येईपर्यंत दोनदा सफाई झाली असणार. चार. हिशेब जुळला. मला इतका आनंद झाला की मी मशीनच्या आवाजातही चक्क टाळी वाजवली.

काका चहा पिऊन आले. मी त्यांना सगळं सांगितलं आणि उत्साहात विचारलं, "पण हा डबा तिकडे नेला कुणी?"

काका म्हणाले, "तुमीच की मॅडम. ऑडिटच्या आधी."

आणि मला आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी ऑडिट होतं. चालायच्या वाटेला नवे पिवळे पट्टे मारले होते आणि डबा नेमका पट्ट्यावर येत होता. मी इथूनच चालत गेले होते आणि बोट दाखवून म्हणाले होते, "हा त्या खांबापाशी न्या." अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. हा डबा दिवसात किती वेळा लागतो, हे मी काकांना विचारलं नव्हतं. उलट आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो असे शेजारी शेजारी लावून त्याचं प्रेझेंटेशन केलं होतं. त्याला टाळ्याही मिळाल्या होत्या.

मी परत क्रेटवर बसले आणि इंग्रजीत टाइप केलं, डबा हलवण्यात आला. इंग्रजीत आणि मराठीतही ही फार सोयीची सोय आहे. हलवण्यात आला. जणू वाऱ्याने हलवला. पण खाली दोन रिकाम्या ओळी होत्या, आणि दोन हातांच्या अंतरावर काका उभे होते. त्यांना इंग्रजी वाचता येत होतं की नाही, मला माहीत नाही. एचआरकडे त्यांचा मेमो टाइप होऊन पडला होता, एवढं मात्र मला माहीत होतं. मी मागे जाऊन वाक्य बदललं. डबा मी हलवला. कारण, फोटोत बरं दिसतं म्हणून.

"आता काय करायचं, काका? डबा परत इथे आणला तर वाट अडते."

"हिकडनं एक पत्र्याची घसरगुंडी करा," ते म्हणाले. "पीस हातातनं सोडला की थेट मशीनखाली डब्यात. डब्याला कुलूप. मी दोन साल झालं सांगतोय मेंटेनन्सला."

मी तेही लिहिलं. जसंच्या तसं, रोमन अक्षरांत, कारण त्या यंत्राला मराठी येत नाही.

बुधवारी सकाळी मेंटेनन्सने भंगारातल्या पत्र्याची घसरगुंडी करून दिली. मी रिपोर्ट सकाळीच कॉम्प्युटरवर घेऊन, नीट मांडून, कस्टमरला दाखवण्याजोगा करणार होते. पण दुसऱ्या एका मशीनचा ब्रेकडाऊन झाला आणि मी बाहेर आले तेव्हा पावणेतीन वाजले होते. रमण गेटवर पोचले होते.

कॉन्फरन्स रूममध्ये प्रोजेक्टर चालू होता. एका बाजूला बेंद्रे सर, समोर रमण. मी यंत्राची वायर तिथल्या कॉम्प्युटरला लावली, कोरं पान उघडलं आणि बटण दाबलं. भिंतीवर एक एक अक्षर उमटायला लागलं.

"हे काय आहे?" रमण म्हणाले.

"रिपोर्ट येतोय, सर."

बेंद्रे सर माझ्याकडे झुकले. "फास्ट होत नाही का हे?"

"नाही, सर."

एरवी रिपोर्ट दाखवला की लोक पहिलं पान सोडून शेवटच्या पानावर जातात. इथे कुणालाच पुढे जाता येईना. सगळे अक्षरामागून अक्षर वाचत होते. अंगठ्याने नट चाचपण्याची ओळ आली तेव्हा रमण खुर्चीत पुढे सरकले. मग काकांचं बोलणं आलं. रोमनमधल्या मराठी शब्दांखाली कॉम्प्युटर भराभर लाल रेघा मारत होता. रमणनी ते मोठ्याने वाचलं, "लाल डब्बा कुठंय, म्यॅडम?" आणि हसले.

मग ती ओळ आली. डबा मी हलवला. कारण, फोटोत बरं दिसतं म्हणून.

"हे काय लिहिलंय?" बेंद्रे सर पुटपुटले. "थांबवा ते."

पण मध्येच थांबवायचं कसं, हे मी सलीमभाईंना विचारलंच नव्हतं. यंत्र घसरगुंडीबद्दल टाइप करत राहिलं.

रमणनी चष्मा काढला. "ह्यातला 'मी' म्हणजे कोण?"

"मी, सर."

"तुम्ही, क्वालिटी हेड?"

"हो."

रमण उठले. "चला, मला ते मशीन बघायचंय."

काकांनी त्यांच्यासमोर टिप साफ केली, दोन पीस दाबले आणि घसरगुंडीवर सोडले. खडखडत ते डब्यात गेले. रमणनी स्वतः एक पीस सोडून पाहिला. मग आणखी एक. सोडायला मजा येत असावी. तिसरा त्यांनी हातात घेतला तेव्हा काका म्हणाले, "सायब, तो चांगला हाय. त्यो नका टाकू."

जाताना रमण मला म्हणाले, "तुमच्या कंपनीचा हा पहिला रिपोर्ट, जो मी शेवटपर्यंत वाचला."

बेंद्रे सरांनी एचआरकडून मेमो मागवला आणि माझ्यासमोर फाडला. मग म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी 'मी'च्या ऐवजी 'डिपार्टमेंटने' असं लिहा."

"सर, बोट डिपार्टमेंटने दाखवलं नव्हतं."

त्यावर ते हसले. मला वाटतं, मनापासून.

पुढे तीन आठवडे कस्टमरने आमचा एक एक पीस तपासून घेतला. एकही नट कमी निघाला नाही. मग तपासणी बंद झाली, आणि नवीन सीटचं कामही आमच्याकडेच आलं. सोपानकाका फेब्रुवारीत रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी दोन मिनिटांचं भाषण केलं, त्यातलं दीड मिनिट घसरगुंडीवर होतं.

यंत्र मी आठव्या दिवशी विकत घेतलं. बेंद्रे सरांनी तसलीच आणखी पाच शोधून मागवली आणि प्रत्येक डिपार्टमेंटला एक दिलं. दोन महिन्यांत ती पाचही कपाटात गेली. एक जण म्हणाला, "मॅडम, उघडून बसतो, पण काय लिहायचं तेच सुचत नाही." त्याचं काही चुकलं नाही. लॅपटॉपवर सांगण्यासारखं काही नसलं तरी दहा पानं भरता येतात. हे यंत्र तेवढी मदत करत नाही. ते विकत घ्यावं का, असं मला अजून कुणी कुणी विचारतं. मी म्हणते, चाळीस पानी वहीसुद्धा चालेल, फक्त ती मशीनपाशी नेऊन उघडा.